४,२९,४९,६७,२९७ : या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

गावातल्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मूळ संख्या शिकवून झाल्या की मी फळ्यावर ४२९४९६७२९७ लिहितो. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. मूळ की संयुक्त, एवढंच विचारतो. चुका ठरलेल्या.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे मोबाइलवर दिसलं ते खरं मानणं. कापूस वेचणी ऐन भरात होती, लाइन गेलेली, आणि एक पोट्टा एक्सेल उघडून उड्या मारत आला. "सर, हे तं पूर्ण वर्ग हाय न! ६५५३६ चा."

"शेवटचा अंक कोन्ता हाय बे?"

"सात."

"वर्गाच्या शेवटी सात येते का कधी?"

गप्प. ०, १, ४, ५, ६, ९ यांशिवाय वर्गाच्या एकक स्थानी काही येत नाही, हे त्याला पाठ होतं. तरी दोन मिनिटांत परत हजर: "मंग ६५५३७ नं भाग जाते, बराबर ६५५३५ येते." सात पंचे पस्तीस, लेका! शेवटी पाच येईल, सात कुठून आणणार? रकाना रुंद करायला लावला, तेव्हा ६५५३५.००००३ दिसलं. त्या दोघांचा गुणाकार ४२९४९६७२९५, दोनने कमी. रकाना अरुंद असला की एक्सेल दशांश गिळतं. माझी सवय एकच: आधी एकक स्थान, मग मोबाइल.

दुसरी चूक उतावळ्यांची. २, ३, ५, ७, ११ ने भाग गेला नाही (अंकांची बेरीज ५९) की "मूळ आहे" म्हणून मोकळे. अरे, वर्गमूळापर्यंत जावं लागतं, आणि ६५५३६ च्या आत ६५४२ मूळ संख्या आहेत! फसण्यात लाज नाही म्हणा. २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ निघाल्या म्हणून ही पुढचीही मूळच असेल, असं १६४० च्या सुमारास खुद्द फ्रेंच गणिती फर्मा धरून चालला होता. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने ती फोडली: ६४१ × ६७००४१७.

"दोन सेकंदात ओळखा" छाप व्हिडिओंचा मला राग आहे, पण खरा शॉर्टकट ऑयलरचाच. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येतो. म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचव्यांदा ६४१. हा भागाकार मी कागदावरच करायला लावतो.



आणि ६४१ सापडला की वही मिटू नका. ६७००४१७ मूळ आहे हे कोणी तपासलं? तिचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. ऑयलरचाच नियम लावला की ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३ एवढेच उरतात. सातही वेळा बाकी उरते.