गावात सप्ताह बसवाचा आहे? मंग परवानगी, भोंगा, लाईन अन् भंडाऱ्याचं हे पाहून घ्या

राजेहो, गावात सप्ताह बसवाचा म्हणलं की पहिल्या बैठकीत तीनच गोष्टी ठरते, महाराज कोणते आणाचे, भंडाऱ्याले कोण काय देते, अन् अध्यक्ष कोण. परवानगीचं नाव काढलं की कोणीतरी हमखास म्हणते, देवाचं काम आहे बाप्पा, कोण इचारते. मी बी चार-पाच वर्षं हेच म्हणत होतो.

मंग एका वर्षी काय झालं, पोट्ट्यायनं मंडपासाठी पोलवर आकडा टाकला. चौथ्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला, वायर मंडपाच्या पाइपाले घासला अन् ठिणग्या खाली सतरंजीवर पडल्या, बाया लेकरं घेऊन पयाल्या, एका म्हातारीचा चष्मा गर्दीत फुटला. जीव कोणाचा गेला नाही हे नशीब. अन् त्या दिवशी महाराज सांगत काय होते, तर राजा हरिश्चंद्राची कथा. चोरीच्या लाईटीत! तवापासून कागदपत्राचं काम माझ्याकडं आलं, तर कसं करतो ते सांगतो.

एक महिना आधी ग्रामपंचायतीत ना हरकत दाखल्याचा अर्ज द्याचा, जागा कोणती, तारखा कोणत्या, मंडप रस्त्यावर येते का, सगळं लिहून. मंग तो दाखला जोडून पोलीस ठाण्यात अर्ज, कमिटीतल्या दोघा-तिघायचे नंबर टाकून, दोन प्रती कराच्या अन् एकीवर शिक्का घेऊन याचं. शिक्का नसला तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा. पोलीस पाटलाले सोबत न्या, काम लवकर होते. दिंडी निघणार असल तर तिचा रस्ता बी त्याच अर्जात लिहा.

आता भोंगा. भांडणं सगळ्यात जास्त याच्यावरूनच होते. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात भोंग्याले लेखी परवानगी लागते अन् रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगाच काय, वाद्य बी चालत नाही. वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, अन् दवाखाना, शाळा, कोर्टाच्या 100 मीटरच्या आत त्याच्याहून बी कमी. जिल्हाधिकारी वर्षातले काही दिवस ठरवते, जास्तीत जास्त 15, त्या दिवशी रात्री 12 पर्यंत सूट राहते, पण आपल्या गावचा सप्ताह त्या यादीत बसला असं मी तरी पाहिलं नाही.

म्हणजे अडचण दोन ठिकाणी येते. एक काकडा, तो पहाटेचा. तो आम्ही देवळाच्या आत दार लोटून करतो, भोंग्याविना, अन् खरं सांगू, तसाच गोड लागते. दुसरं रात्रीचं कीर्तन. नऊले सुरू केलं तर महाराज रंगात येईस्तोवर दहा वाजते अन् मंग बंद करा म्हणाची कोणाची हिंमत होत नाही, म्हणून हरिपाठ सहाले अन् कीर्तन साडेसातले ठेवा, पत्रिकेतच छापा, अन् महाराजायले सुपारी देतानाच सांगा. आमच्या शेजारच्या काकूची नात बारावीले होती, कर्ण्याचं तोंड बरोबर तिच्या खिडकीकडं. काकू काही बोलली नाही, फक्त प्रसाद घ्याले आली नाही. आम्ही कर्णे काढून मंडपापुरते दोन लहान बॉक्स लावले, तर दुसऱ्या दिवशी काकू टोपलंभर वांगे घेऊन आली.

कोणी म्हणल संविधानानं धर्म पाळाचा हक्क दिला आहे. दिला ना, कलम 25. पण त्या कलमाची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता अन् आरोग्य याच्या अधीन राहून अशी आहे, ते बी वाचा.

लाईनसाठी महावितरणकडं तात्पुरत्या कनेक्शनचा अर्ज कराचा, लायसनवाल्या ठेकेदाराकडून वायरिंग करून घ्याची. आकडा म्हणजे वीज कायदा 2003 च्या कलम 135 ची सरळ चोरी, मंडप देवाचा असो का लग्नाचा.

वर्गणी. तुमचं मंडळ नोंदणीचं नसल तर धर्मादाय आयुक्ताच्या जिल्ह्याच्या ऑफिसातून वर्गणीची तात्पुरती परवानगी घ्या, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात 41क कलम त्याच्यासाठीच आहे, अन् नंतर हिशोब द्यावा लागते. पावतीबुकावर नंबर पाहिजे. रस्त्यावर दोरी आडवी लावून ट्रॅक्टर अडवणं बंद करा, धमकावून पैसे घेतले तर खंडणीचा गुन्हा लागू शकते, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं कलम 308.

भंडाऱ्याचं थोडक्यात. उपवासाची भगर सुटी नाही घ्याची, बंद पाकीट घ्याचं अन् तारीख पाहाची, बुरशी लागलेल्या भगरीनं पंगतीच्या पंगती दवाखान्यात गेलेल्या आहेत. भात-भाजी केली की लगेच वाढा, आपल्याकडच्या गरमीत दुपारचं संध्याकाळी चालत नाही. थर्माकोलच्या पत्रावळी राज्यात 2018 पासून बंद आहेत, पळसाच्या पानाच्या आणा. अन् पंगती उठल्या की झाडू हातात घ्या, सगळ्यात आधी अध्यक्षानं. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, ते आधी गाव झाडत अन् मंग रात्री कीर्तन करत, आपण कीर्तन करून गाव घाण करून जातो.

आणखी एक. 2013 चा जादूटोण्याचा कायदा म्हणजे कीर्तन बंद कराचा कायदा असं काही जण अजून बी सांगत फिरते. उलट त्यात साफ लिहिलं आहे की कीर्तन, प्रवचन, भजन, प्रदक्षिणेले तो लागू नाही. साप, विंचू, कुत्रं चावलेल्याले दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-दोरे करणं हा मात्र त्यात गुन्हा आहे. मंडप वावराले लागून असल तर हे डोक्यात ठेवा, रात्री एक गाडी अन् एक ड्रायव्हर तयार ठेवा, 108 चा नंबर खांबावर लिहा.

सप्ताह झाला की हिशोब पंचायतीच्या बोर्डावर लावा, वांगे कोणी किती दिले ते बी, नाहीतर वर्षभर ओट्यावर त्याच गोष्टी. अन् सगळ्या कागदायचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, काहून की फाईल पुढच्या वर्षी सापडत नाही. आमची मागच्या वर्षीची भजनी मंडळाच्या पेटीत, पखवाजाच्या खाली सापडली, अन् शिक्का होता तेवढाच कोपरा उंदरानं खाल्ला होता.