‘ॲक्सेस डिनाइड’ आलं की आधी काय बघायचं

डेटाबेस सपोर्टला नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिली गोष्ट सांगते ती ही: परमिशनची एरर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा आणि नंबरासकट तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, टाका. ‘ॲक्सेस मिळत नाहीये’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही.

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तर नंबरावरूनच कळतं की गाडी कुठे अडलीये. 1130 म्हणजे त्या मशीनवरून कुठल्याच खात्याला यायची मुभा नाही. 1045 म्हणजे लॉगिन फसलं. 1044 आला तर तुमची ओळख पटलेली असते, पण तो डेटाबेस तुम्हाला दिलेला नसतो. 1142 आला तर त्या टेबलावर ती कमांड चालवायचा हक्क नसतो. 1142 वर पासवर्ड रिसेट करणारे लोक मी पाहिलेत. मूळ अडचण तशीच राहते, वर तोच पासवर्ड वापरणारी दुसरी ॲप्लिकेशन्सही बंद पडतात.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो 1045. त्याच्या ओळीत ‘रिपोर्ट’@‘10.0.3.15’ असं काहीतरी असतं आणि शेवटी ‘युजिंग पासवर्ड: येस’. नवखे लोक ‘रिपोर्ट’ वाचतात आणि थांबतात. पण मायएसक्यूएलचं खातं म्हणजे नाव आणि होस्ट (तुम्ही ज्या मशीनवरून येता ते) अशी जोडी असते. ‘रिपोर्ट’@‘लोकलहोस्ट’ आणि ‘रिपोर्ट’@‘%’ ही दोन स्वतंत्र खाती: लोकलहोस्ट म्हणजे डेटाबेसचंच मशीन, % म्हणजे कुठलंही. पासवर्ड वेगळे, हक्क वेगळे. शेवटी ‘येस’ऐवजी ‘नो’ असेल तर पासवर्ड पाठवलाच गेलेला नाही, मग कॉन्फिग फाइल बघा.

एकदा एक ॲप्लिकेशन नव्या सर्व्हरवर हलवलं आणि 1045 सुरू झाला. डेव्हलपर म्हणत होता, पासवर्ड तोच आहे, आणि त्याचं बरोबर होतं. खातं ‘10.0.2.%’ या होस्टसाठी बनवलेलं होतं आणि नवा सर्व्हर 10.0.3 मध्ये गेला होता. मग 1130 का नाही आला? कारण त्याच डेटाबेसवर दुसऱ्या एका युजरचं ‘%’ खातं होतं, म्हणजे त्या मशीनला दार बंद नव्हतं. हा बारकावा माहीत नसला की माणूस तासन् तास पासवर्डच टाइप करत बसतो.

लॉगिन होतंय पण हक्क दिसत नाहीत, अशा वेळी ‘सिलेक्ट युजर(), करंट_युजर()’ चालवा. पहिलं सांगतं तुम्ही कोण म्हणून आलात, दुसरं सांगतं सर्व्हरने तुम्हाला कुठल्या खात्यात बसवलं. दोन्ही जुळत नसतील तर हक्क ‘करंट_युजर()’ने दाखवलेल्या खात्याचे असतात. त्यानंतर ‘शो ग्रँट्स’, म्हणजे खात्याला दिलेल्या हक्कांची यादी. एवढं बघितल्याशिवाय काहीही बदलू नका. सर्व्हरला हक्क पुन्हा वाचायला लावणारं ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ तर लोक सवयीने मारतात. ग्रँट टेबलांमध्ये, म्हणजे हक्कांची नोंद असते तिथे, हाताने बदल केला असेल तरच त्याची गरज असते. ग्रँट कमांडने दिलेला हक्क सर्व्हर लगेच वाचतो.

आणि वरून कितीही घाई असली तरी ‘ग्रँट ऑल’, म्हणजे सगळे हक्क, देऊ नका. मला हे मनापासून वाटतं. रिपोर्ट काढणाऱ्या खात्याला सिलेक्ट, म्हणजे डेटा वाचण्याचा हक्क, पुरतं. घाईत दिलेला हक्क परत घ्यायला सहसा कुणी येत नाही, आणि एक दिवस त्याच खात्यावरून कुणाच्या तरी हातून टेबल ड्रॉप होतं.

मायएसक्यूएलचा डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) दुसऱ्या सर्व्हरवर चढवल्यावर व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वापरता येते) उघडताना 1449 आला, तर तो व्ह्यू ज्या डिफायनरच्या, म्हणजे युजरच्या, नावावर आहे तो नव्या सर्व्हरवर नाही. तिथे तुमचे स्वतःचे हक्क तपासून उपयोग नाही.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर जाल तेव्हा टेबलावर सिलेक्ट देऊनही ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा’ दिसेल. टेबल ज्या स्कीमात (डेटाबेसमधल्या टेबलांच्या गटात) आहे तिच्यावर ‘युसेज’, म्हणजे वापरायचा हक्क, लागतो, तो वेगळा द्यावा लागतो. 2022 मध्ये आलेल्या 15व्या आवृत्तीपासून ‘पब्लिक’ स्कीमात टेबल बनवायचा हक्कही सगळ्यांना आपोआप मिळत नाही, त्यामुळे जुनी इन्स्टॉल स्क्रिप्ट नव्या डेटाबेसवर इथेच अडकते. सीरियल कॉलम (ज्यात क्रमांक आपोआप पडतो) असलेल्या टेबलात इन्सर्ट अडलं तर तो क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सवरचा युसेज बघा.

‘काल चाललं, आज नवीन टेबल दिसत नाही’ अशी तक्रार पोस्टग्रेसवर आली तर ‘ऑल टेबल्स’वर दिलेला ग्रँट आठवा. तो त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरताच असतो. पुढच्या टेबलांसाठी ‘ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ लागतं, आणि त्यात रोलचं (पोस्टग्रेसमधल्या युजरचं) नाव दिलं नसेल तर ते चालवणाऱ्याने स्वतः बनवलेल्या टेबलांनाच लागू होतं. म्हणून आधी विचारा, नवीन टेबल बनवलं कुणी.