थिसलगॉर्मवर डाइव्ह करताना या चुका टाळा

एकाच डाइव्हमध्ये अख्खं जहाज बघून घ्यायचा हट्ट ही थिसलगॉर्मवरची सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच होतात. ६ ऑक्टोबर १९४१ला जर्मन बॉम्बहल्ल्यात इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात बुडालेलं हे ब्रिटिश मालवाहू जहाज सव्वाशे मीटरहून लांब आहे. शार्म-अल-शेखहून बोटीने काही तास घालवून आलेला माणूस अधाशासारखा उतरतो, आणि हवा दुप्पट वेगाने संपते. पहिली डाइव्ह बाहेरून, दुसरी आतून, असं आधीच ठरवा.

तळ तीस मीटरच्या आसपास आहे. तारकर्लीच्या उथळ पाण्यात झालेल्या सरावावर इथे येऊ नका. ओपन वॉटर कार्डाची, म्हणजे डाइव्हिंगच्या पहिल्या परवान्याची, मर्यादा १८ मीटर आहे. तीस मीटरवर साध्या हवेवर, वर येताना सक्तीचे थांबे न घेता, जेमतेम वीस मिनिटं मिळतात, म्हणून बरेच जण नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन, कमी नायट्रोजन असलेली हवा) घेतात. मात्र ३२ टक्के ऑक्सिजनचं घ्या. ३६चं घेतलंत तर ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची सुरक्षित मर्यादा तळ गाठायच्या आधीच, २९ मीटरला संपते. टाकी स्वतः ॲनालायझरवर तपासा, लेबलवर विसंबू नका.

इथे पाण्याला ओढ जबरदस्त असते. दोर धरूनच उतरा. वाटेत हात सुटलाच तर जहाज गाठायच्या नादात फिन्स मारत दमू नका; सावकाश वर या, सॉसेज (खुणेचा लांबट फुगा) फुगवा, बोट येईल. खाली पोहोचल्यावर ओढ वाढली तर जहाजाच्या आडोशाला राहा.

होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कोठारात, ट्रकच्या हौद्यांत बीएसए, नॉर्टन मोटरसायकली ओळीने उभ्या आहेत. फोटोसाठी तिथे गुडघे टेकले की गाळ उठतो आणि समोरचं हँडलही दिसेनासं होतं. अशा वेळी आहे तिथे थांबा, भिंतीला हात लावा, टॉर्च क्षणभर झाका. वरच्या झरोक्याचा निळा उजेड दिसला की तिकडे निघा. उगाच आत रेंगाळू नका: सोडलेले बुडबुडे छताखाली साचतात आणि लोखंड गंजतं.

मागच्या बाजूला दारूगोळा आहे. हात लावायचा नाही. आठवण म्हणून काही उचलणं तर सरळ चोरी. या जहाजावर नऊ जण मेले आहेत.

आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी असू द्या.