कामासाठी परदेशी निघालात? बॅग घेताना आणि भरताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, घोडबंदर या पट्ट्यात ज्यांच्या घरात 'ऑनसाइट', म्हणजे परदेशातल्या क्लायंटकडे जाऊन काम करणं, हा शब्द येतो, त्यांच्याकडे आधी व्हिसाची धावपळ होते आणि मग बॅगेची. व्हिसाकडे कंपनी बघते. बॅगेकडे सगळं घर बघतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. सामान भरताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निघायचा दिवस असतो: बॅगा धरायला चार हात, दारात गाडी, विमानतळावर ट्रॉली. बॅगेची परीक्षा मात्र विमानातून उतरल्यावर सुरू होते. तिथे रेल्वे स्टेशनचा जिना असतो, ट्रामची पायरी असते, भाड्याच्या घराचा लिफ्ट नसलेला तिसरा मजला असतो आणि सोबत कुणी नसतं. म्हणून दुकानातल्या बॅगेपासून डब्यातल्या लाडवापर्यंत प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: हे मला तिथे एकट्याने वाहता येईल का?

सर्वांत मोठी बॅग घेणं

गोखले रोडवरचं दुकान असो की वाशीचा मॉल, 'सहा महिने जायचंय' म्हटलं की सर्वांत मोठी बॅग पुढे येते. ती घेऊ नका. बहुतेक विमान कंपन्या इकॉनॉमीच्या तिकिटावर एका नगाला २३ किलोची मर्यादा लावतात, आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरच्या आत मागतात. ही बेरीज चाकं आणि मूठ धरून असते. मोठ्या बॅगेची जादा चेन उघडून ती फुगवली की हे माप सहज ओलांडलं जातं. शिवाय अशी कडक कवचाची मोठी बॅग रिकामीच साडेचार-पाच किलोंची असते, म्हणजे तेवढे किलो सामान न भरताच गेले.

तिकिटावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. अमेरिका-कॅनडाच्या तिकिटांवर अनेकदा २३ किलोचे दोन नग मिळतात. युरोपच्या पुष्कळ तिकिटांवर एकच नग असतो, आणि आखाती कंपन्यांच्या काही तिकिटांवर नगांऐवजी एकूण वजन दिलेलं असतं. २३ किलोचे दोन नग म्हणजे एकूण ४६ किलो कसेही वाटून नेता येतात, असा समज फार पसरलेला आहे. एक बॅग ३० आणि दुसरी १६ किलोची भरली, तर ३० वाल्या बॅगेचे पैसे मोजावे लागतात. ३२ किलोच्या वरचा नग तर सहसा पैसे देऊनही घेत नाहीत, कारण तो उचलणाऱ्या माणसाच्या पाठीसाठी ही मर्यादा ठरवलेली आहे.

माझं मत विचाराल तर दोन अजस्र बॅगांपेक्षा एक मोठी आणि एक मधली, २४ इंची, अशी जोडी बरी. मधलीत जड वस्तू, मोठीत कपडे. दोन्ही एकाच माणसाला जिन्यावरून वर नेता येतात, एकामागून एक का होईना.

चाकांकडे लोक फार उडतं बघतात. दुकानाच्या गुळगुळीत लादीवर चार चाकांची बॅग बोटाने ढकलली तरी पळते. युरोपातल्या जुन्या शहरांच्या दगडी फरसबंदीवर किंवा बर्फाच्या चिखलात तीच चाकं अडकतात, आणि तिथे दोन मोठ्या, आत बसवलेल्या चाकांची बॅग जास्त निभावते. विमानतळ ते टॅक्सी ते हॉटेल एवढाच प्रवास असेल तर चार चाकं उत्तम. कवच पॉलिकार्बोनेटचं असेल तर दाबल्यावर वाकतं आणि परत जागेवर येतं. स्वस्तातलं एबीएस प्लास्टिक आदळल्यावर तडकण्याचा संभव जास्त. दांडा पूर्ण बाहेर काढून हलवून बघा. रिकाम्या बॅगेतच तो खुळखुळत असेल तर भरल्यावर त्याचं काय होईल ते उघड आहे.

घरी आणल्यावर बिल जपून ठेवा आणि बॅगेत तांदळाची पोती, पाण्याच्या बाटल्या, जे असेल ते भरून तिचं वजन वीस-बावीस किलो करा. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरून फाटकापर्यंत ओढत न्या, मग लिफ्ट सोडून दोन मजले जिन्याने चढवा. जिन्याच्या वळणावर बॅग पायरीला घासत असेल, मूठ बोटांत रुतत असेल, एक चाक तिरकं पळत असेल, तर हे सगळं इथेच कळतं आणि बॅग बदलूनही घेता येते.

माळ्यावरची जुनी बॅग तशीच काढणं

घरात बॅग आहे, मग नवी कशाला, हा विचार चांगलाच आहे. पण खाडीकाठच्या दमट हवेत काही वर्षं माळ्यावर पडलेल्या बॅगेला आधी नीट तपासा. पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतं. चाकांवरचा रबरासारखा थर भुगा होऊन हाताला लागतो आणि आतलं अस्तर चिकट होतं. बाहेरून बॅग नव्यासारखी दिसते, आणि भरल्या वजनाने शंभर पावलं चालली की चाकाची साल निघते. जपून ठेवलेल्या फॉर्मल बुटांचंही हेच. तळवा वरून शाबूत दिसला तरी अंगठ्याने दाबून, वाकवून बघा. क्लायंटच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी तळवा सुटणं फार वाईट.

व्हॅक्यूम पिशव्यांवर भिस्त ठेवणं

हवा काढली की रजईची भाकरी होते, हे खरं. पण कमी होते ती जागा, वजन तेवढंच राहतं. रिकामी दिसणारी बॅग मग आणखी भरली जाते आणि काउंटरवर २७ किलो दिसतात. परतताना हवा काढायला पंप नसतो आणि तेच कपडे दुप्पट जागा मागतात. साध्या कापडी पॅकिंग पिशव्या जास्त कामाच्या.

कपड्यांबद्दल थोडक्यात. परदेशात पुष्कळ ठिकाणी कपडे ड्रायरमध्ये वाळवतात आणि त्या उष्णतेने सुती शर्ट, कुर्ते आखडतात. सगळा संच नाजूक सुती कपड्यांचा नेऊ नका. कडक थंडीचं जाकीट तिथल्या हवामानासाठी बनलेलं तिथेच घेतलेलं चांगलं. पहिल्या दिवसापुरतं अंगावर एक असलं की झालं. जड बूट आणि जाकीट घालूनच प्रवास करा. जड वस्तू नेहमी चाकांच्या बाजूला ठेवा, म्हणजे उभी बॅग तोंडावर पडत नाही. आणि जाताना वजन काठोकाठ नेऊ नका, परतताना सामान वाढलेलंच असतं.

खाऊच्या डब्यांना नियम लागत नाहीत असं समजणं

हा भाग सर्वांत नाजूक आहे, कारण इथे नियमांच्या समोर माया उभी असते. "अगं, एवढं खोबरं तरी ने, तिथे कुठे मिळणार?" असं मावशी म्हणते तेव्हा नाही म्हणणं जड जातं. पण सुकं खोबरं विमानाच्या नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, कारण त्यातलं तेल साठून तापू शकतं. चेक-इन बॅगेत ते चालत नाही. स्कॅनरमध्ये खोबऱ्याच्या वाट्या दिसल्या की बॅग बाजूला काढतात आणि तुम्हाला बोलावून उघडायला लावतात. पूजेच्या पुडीतला कापूर ज्वलनशील घन पदार्थ आहे, त्याला चेक-इन आणि केबिन, दोन्ही बॅगांत मनाई. काडेपेटी चेक-इनमध्ये चालत नाही. आईने निरांजनाशेजारी या वस्तू प्रेमाने ठेवलेल्या असतात, म्हणून बॅग बंद करण्याआधी ती पुडी तिच्यासमोरच उघडा आणि कारण सांगा. कारण समजलं की ती स्वतःच काढून ठेवते.

देशागणिक वेगळे नियम आहेत आणि ते आधी बघणं तुमचं काम आहे. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे खसखस नेणं गंभीर गुन्हा ठरू शकतो. अनारशांवर ती असते, काही घरच्या मसाल्यांतही असते. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवासी म्हणून नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, खवा सगळं त्यात आलं. ताजा कढीपत्ता अमेरिकेत आणि युरोपात बॅगेतून नेऊ नका. त्यावरून येणाऱ्या किडी-रोगांमुळे तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना धोका असतो. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा, लपवलेल्या डब्याला दंड होतो.

मग न्यायचं काय? मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, लाल तिखट, मसाले. खोबरं आणि खसखस न घातलेला मसाला वेगळा करून घेता येतो. मोठ्या शहरात भारतीय किराणा मिळतोच. डाळ-तांदूळ नेऊ नका, ते वजन फुकट जातं. भाजणी मात्र तिथे सहज मिळत नाही, तिला जागा ठेवा. पूड मूळ पाकिटात किंवा लेबल लावलेल्या पिशवीत, तीही दुहेरी. लोणचं दोन पिशव्यांत बांधून चेक-इनमध्येच, केबिनमध्ये तेल आणि तिखट अडवतात.

कुकर नेताना एक बघा. तिथल्या पुष्कळ घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि तिच्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. इंडक्शनचा तळ असलेला छोटा कुकर घ्या आणि रिंग व शिट्टी एकेक जादा ठेवा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, त्यामुळे इथला मिक्सर नेऊ नका. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला फक्त त्या देशाचा प्लग लागतो.

केबिन बॅग ही उरलेल्या सामानाची बॅग समजणं

मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तरी सोमवारी कामावर उभं राहता आलं पाहिजे. त्या हिशेबाने केबिन बॅग भरा. ऑफिसचा एक पूर्ण पोशाख, आतले कपडे, लॅपटॉप आणि चार्जर, चष्म्याची दुसरी जोडी, नेमणुकीचं पत्र, पदव्यांच्या मूळ प्रती, घराचा पत्ता छापील. हे काहीही चेक-इनमध्ये जाऊ देऊ नका.

औषधं याच बॅगेत, मूळ पट्ट्यांत आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं, आपली कंपनीची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. आपल्याकडे सर्रास चालणारं औषध दुसरीकडे गुन्हा ठरू शकतं. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या नेता येत नाहीत, आणि अमिरातीत कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या औषधांना आधी परवानगी लागते. ठाण्यातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना देश सांगा आणि पर्याय लिहून घ्या.

पॉवर बँक फक्त केबिनमध्ये. १०० वॅट-अवरपर्यंत चालते. हिशेब सोपा आहे: २०,००० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की ७४ वॅट-अवर येतात. गेटवर जागा नाही म्हणून केबिन बॅग खाली पाठवायला सांगितली, तर आधी पॉवर बँक बाहेर काढून जवळ घ्या. ज्या बॅगेतच चार्जिंगची बॅटरी बसवलेली असते, तिची बॅटरी निघते का ते घेतानाच बघा. पातळ पदार्थांना १०० मिलीची मर्यादा आहेच.

घर ते विमानतळ गृहीत धरणं

दोन मोठ्या बॅगा आणि साधी सीएनजी टॅक्सी हे गणित जमत नाही, कारण डिकीत सिलिंडर बसवलेला असतो. मोठी गाडी सांगा आणि बुक करताना बॅगा किती ते बोला. पावसाळ्यात छतावर बॅगा लादायची वेळ आलीच तर आतलं सामान मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत भरा, कापडी बॅग तर चेनमधून पाणी पिते. घोडबंदरहून गायमुखच्या बाजूने गेलात तर तिथली कोंडी आणि ठाण्याच्या बाजूने गेलात तर जेव्हीएलआरची (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची) गर्दी, जी वाट असेल तिला वेळ द्या.

आणखी एक नवी गफलत होऊ शकते. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर बीओएम (मुंबई) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई), ते घरातल्या सगळ्यांनी वाचा. खारघरच्या माणसाला जवळचा विमानतळ कोणता आणि त्याचं विमान कुठून सुटतं, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

वजन घरीच करा. हाताने धरायचा छोटा डिजिटल काटा फार महाग नसतो. तो नसेल तर आधी स्वतः वजनकाट्यावर उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा आणि वजाबाकी करा. एक किलो कमीच भरा, काटे सगळे सारखे नसतात.

दागिने किंवा महागडा कॅमेरा नेत असाल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ती वस्तू तिकडून आणल्याचा प्रश्न उठत नाही.

बॅग पट्ट्यावर आलीच नाही, तर

अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच सहसा बॅग उचलून पुन्हा द्यावी लागते, पुढचं विमान देशांतर्गत असलं तरी. ती आपोआप पुढे जाईल असं समजून निघून गेलात तर बॅग तिथेच राहते. तिथे तपासणीसाठी बॅग उघडतात, म्हणून टीएसए कुलूप, म्हणजे तिथल्या तपासनिसांना स्वतःच्या किल्लीने उघडता येणारं, लावा, नाहीतर कुलूप तोडलं जातं.

पट्टा थांबला आणि बॅग नाही, तर विमानतळ सोडू नका. तिथल्या बॅगेज काउंटरवर तक्रार लिहून तिचा क्रमांक घ्या. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार बॅग मोडली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा आली असेल तर हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. २१ दिवसांत न आलेली बॅग हरवली असं मानून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर आहे. ती आपोआप मिळत नाही, सामानाची किंमत दाखवावी लागते. म्हणून बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचे आणि बंद बॅगेचे फोटो काढा, बोर्डिंग पासवर चिकटवलेली बॅगेची पावती सांभाळा आणि बॅग येईपर्यंत घेतलेल्या टूथब्रश-शर्टाचीही बिलं ठेवा. मागच्या प्रवासाचे बारकोडचे कागद बॅगेवरून पूर्ण काढून टाका. आत एका कागदावर नाव, ईमेल आणि तिथल्या राहण्याचा पत्ता लिहून ठेवा. बाहेरचं लेबल तुटलं तर बॅग उघडणाऱ्याला तुमच्यापर्यंत पोचायला तोच कागद उपयोगी पडतो.