गुरू शोधायच्या आधी वही भरा

सुलेखन शिकायचंय, कुणाकडे जाऊ, असं कॉलेजातली मुलं मला सारखं विचारतात. मी सोळा वर्षं देवनागरी अक्षरं काढून पोट भरते, मुखपृष्ठं, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका. माझं सांगणं एकच. आधी 'क' घ्या आणि वहीची चाळीस पानं त्या एकाच अक्षरानं भरा. मग कुणाच्याही दारात जा. 'मला शिकवा' म्हणणाऱ्याला काय सांगायचं ते कुणालाच सुचत नाही. 'माझ्या क ची गाठ दर वेळी चिकटते, का?' असं विचारणाऱ्याला लोक जेवायचं ताट बाजूला सारून उत्तर देतात.

कुणाकडे जायचं, हे ठरवताना नुसतं मोठं नाव बघू नका. माझे पहिले गुरू मिरजेतले पाट्या रंगवणारे पेंटरकाका. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्या शिडीखाली रंगाचा डबा धरून उभी राहायचे. ते बोलायचे फार कमी. खडू लावलेला दोरा ताणून भिंतीवर टिचकी मारली की शिरोरेषा उमटायची, मग पट्टी ब्रश. पण दोन अक्षरं झाली की काका खाली उतरायचे, रस्ता ओलांडून पलीकडच्या पानपट्टीपाशी उभे राहायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. एकदा 'मामा' या शब्दासाठी चार वेळा रस्ता ओलांडला. शेवटी दुसरा काना जेमतेम बोटभर सरकवला आणि शब्द एकदम सरळ उभा राहिला. मी आजही कागद भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. हे मला कुठल्या पुस्तकातून मिळालं नसतं.

म्हणून पहिले काही महिने प्रश्न कमी विचारा, हात बघा. बोरूची लेखणी कापताना चाकू कसा धरतात ते बघा. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमन अक्षरांच्या उलट बाजूला तिरका लागतो. हे वाक्य कुठेही वाचायला मिळेल, पण तो तिरकेपणा किती, हे दुसऱ्याच्या अंगठ्याकडे बघूनच कळतं.

दुसरे गुरू मुंबईत भेटले. सर माझ्या अक्षरांवर कधी लाल पेन चालवत नसत. वर ट्रेसिंग पेपर ठेवायचे आणि अक्षर सोडून आतल्या पोकळ्या तेवढ्या रंगवायचे. माझ्या 'क'च्या दोन पोकळ्या शेजारी शेजारी दिसल्या, एक फुगलेली, एक चेमटलेली. मला काही सांगावंच लागलं नाही. सुलेखनकार र. कृ. जोशींच्या कामाबद्दल सर भरभरून बोलायचे. आपल्या विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट जोशींचा. जाहिरातक्षेत्रात आणि मग आयआयटी मुंबईत शिकवताना त्यांनी अक्षराकडे बघायची दृष्टी दिली, आणि अच्युत पालवांसारखे सुलेखनकार त्यांच्या संस्कारात घडले. माझे सर म्हणायचे, कित्ता हाताला वळण लागेपर्यंत गिरवायचा, मग मिटायचा. दोन वर्षांनी माझी अक्षरं हुबेहूब त्यांच्यासारखी दिसायला लागली, तेव्हा त्यांनीच मला सहा महिने मोडी वाचायला बसवलं. शिष्याची अक्षरं आपल्यासारखी झाली म्हणून नुसते खूश होणारे गुरू मात्र मला धोक्याचे वाटतात.

पैशांचंही विचारा, लाजू नका. माझं एक शीर्षक एका प्रकाशकानं मुखपृष्ठासाठी घेतलं आणि पुढे पिशव्यांवरही छापलं, मला एक रुपया जास्त न देता. सरांनी त्या संध्याकाळी बसवून घेतलं आणि पत्रात काय काय लिहून घ्यायचं ते सांगितलं: कशावर छापणार, किती प्रती, किती वर्षं. त्या पत्राचा नमुना मी अजून वापरते.

आणि दुसऱ्या भेटीला पहिल्या भेटीत सांगितलेलं करून न्या. चुकलेलं न्या, पण केलेलं न्या. बहुतेकजण इथेच गळतात.

परवा मिरजेला गेले होते. काकांचा हात आता थरथरतो, ब्रश धरवत नाही. नव्या मुखपृष्ठाचा कच्चा नमुना त्यांनी खिडकीत उभा केला, काठी टेकत अंगणाच्या टोकाला गेले, डोळे बारीक केले.

"वेलांटी जरा वर घे, पोरी."

छपाई व्हायची होती. वर घेतली.