ऑफिसला नवी ईपीएबीएक्स? शेवटचं पेमेंट देण्याआधी हे घ्या
ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी सिस्टिम. ती बिघडली की विक्रेता उत्पादक कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी कागद मागते. खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानातली असो वा ऑनलाइन, शेवटचा हप्ता पुढील गोष्टी मिळाल्यावरच देणार, हे ऑर्डरमध्येच लिहा.

१. जीएसटी बिलावर मुख्य युनिट, त्यात बसणारी लाइन-एक्स्टेंशनची कार्डं, फोन यांचे सीरियल नंबर.
२. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की बसवल्यापासून, आणि दुरुस्ती जागेवर की सर्व्हिस सेंटरला, हे लेखी.
३. अ‍ॅडमिन पासवर्ड, कॉन्फिगरेशनचा बॅकअप, एक्स्टेंशनची (कोणत्या फोनला कोणता अंतर्गत नंबर) यादी. यावर अडून बसाच. पासवर्ड नसेल तर दुसरा तंत्रज्ञ बहुधा फॅक्टरी रीसेटच सुचवतो, आणि सगळं प्रोग्रॅमिंग पुसलं जातं.

बॅकअप हाती नसताना रीसेट मात्र कुणालाही करू देऊ नका.