पिनकोड दोनदा लिहून तयार झालेल्या बारा अंकी संख्येचे अवयव कसे काढावेत

नागपूरच्या दक्षिण अंबाझरी मार्गावरील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या पत्त्यात ४४००१० हा पिनकोड असतो. तो सलग दोनदा लिहिला की ४४००१०४४००१० ही बारा अंकी संख्या मिळते. एवढी मोठी संख्या समोर आली की बहुतेक विद्यार्थी लगेच २, ३, ५, ७ असे भागत सुटतात. माझा आग्रह असा की भागाकाराआधी अंकांची मांडणी नीट पाहावी. येथे सहा अंकांचा गट जसाच्या तसा पुन्हा आला आहे, म्हणून ही संख्या ४४००१० × १०००००१ आहे.

पहिला गुणक सोपा आहे. त्याच्या शेवटी शून्य आहे आणि अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून २, ५ आणि ९ काढून घेतल्यावर ४८८९ उरते. या संख्येचे वर्गमूळ ७० पेक्षा थोडे कमी असल्याने ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरते. एकानेही भाग जात नाही, म्हणजे ४८८९ मूळ आहे.

दुसऱ्या गुणकात खरी गंमत आहे. १०००००० आणि १ असे नव्हे, तर १०० चा घन अधिक १ असे १०००००१ कडे पाहावे. मग घनांच्या बेरजेच्या सूत्राने त्याचे १०१ × ९९०१ असे अवयव पडतात. ९९०१ मूळ आहे का हे तपासण्यासाठी ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घ्याव्या लागत नाहीत. ९९०१ ला भागणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येने १ ला भागले असता दशांश दर १२ अंकांनी पुन्हा येतात, आणि फर्माच्या लघु प्रमेयामुळे या १२ ने मूळ संख्येतून १ वजा केलेल्या संख्येला पूर्ण भाग जातो, म्हणून अशा मूळ संख्येला १२ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. त्यामुळे १३, ३७, ६१, ७३ आणि ९७ एवढ्याच संख्या तपासायच्या; पाचांपैकी एकानेही भाग जात नाही.

म्हणून ४४००१०४४००१० = २ × ३² × ५ × १०१ × ४८८९ × ९९०१. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या ९६ येते.

आता ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते असे मूळ अवयव शोधावेत. तसा अवयव फक्त ३ आहे आणि त्याचा घातांक सम आहे, म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते. ४४००१० म्हणजे ५४३ आणि ३८१ यांच्या वर्गांची बेरीज, तर १०००००१ म्हणजे १००० आणि १ यांच्या वर्गांची. अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांच्या बेरजेत बदलण्याचे सूत्र सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी दिले. ते वापरले की ५४३००० − ३८१ = ५४२६१९ आणि ३८१००० + ५४३ = ३८१५४३ या संख्या मिळतात. पडताळ्याला गणकयंत्र नको, कारण वर्गविस्तारातील ४१३७६६००० हे मधले पद एकदा वजा व एकदा अधिक येऊन नाहीसे होते. चिन्हांची अदलाबदल केल्यास ५४३३८१ आणि ३८०४५७ ही दुसरी जोडीही हाती लागते.